शिसेमुक्त पीझोइलेक्ट्रिक सिरॅमिक: निवड, घडण, मोजमाप आणि वापर

गॅस लायटरचा खटका दाबल्यावर उडणारी ठिणगी, बझरचा आवाज, सोनोग्राफीच्या प्रोबमधून शरीरात जाणारे ध्वनितरंग, गाडीच्या बंपरमधले पार्किंग सेन्सर. या सगळ्यांच्या पोटात बहुतेक वेळा एकच पदार्थ असतो: लेड झिर्कोनेट टायटनेट, म्हणजे पीझेडटी. त्याच्या वजनातला ६० टक्क्यांहून जास्त भाग शिशाचा असतो. तयार चकतीत हे शिसं घट्ट बांधलेलं असतं, पण ती घडवताना भट्टीत लेड ऑक्साइडची वाफ होते. आणि वापरून टाकलेला लायटर कुठे जातो, हे आपण जाणतोच.

युरोपीय संघाच्या रोह्स निर्देशानुसार १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणातल्या कुठल्याही एकजिनसी भागात वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त शिसं चालत नाही. भारताच्या ई-कचरा नियमांतही मर्यादा तेवढीच आहे. पीझो सिरॅमिकला मात्र सवलत मिळत आली, कारण सगळीकडे चालेल असा पर्याय हाताशी नव्हता. तसा एकच पर्याय आजही नाही, आणि माझ्या मते त्याची वाट पाहण्यातच अनेकांची वर्षं जातात. शिसेमुक्त सिरॅमिकची वेगवेगळी कुळं आहेत. प्रत्येक कुळ एखाद्या कामात पीझेडटीच्या तोडीस तोड, तर दुसऱ्या कामात कुचकामी ठरतं. म्हणून आधी काम ठरवा, मग पदार्थ निवडा. हा लेख पदार्थविज्ञान, भौतिकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि ज्यांच्या प्रयोगशाळेत भट्टी व प्रेस आहे पण या वाटेला अजून कुणी गेलेलं नाही अशा शिक्षकांसाठी आहे.

आधी आकड्यांचा अर्थ

दाब दिला की विद्युतभार निर्माण होतो आणि व्होल्टेज दिलं की आकार बदलतो, हे पीझोइलेक्ट्रिक पदार्थाचं लक्षण. पहिला परिणाम झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये क्वार्ट्झ, टुर्मलीन अशा स्फटिकांत दाखवला. सिरॅमिक म्हणजे मात्र असंख्य बारीक स्फटिककणांचा गठ्ठा. कणांची दिशा कशीही असल्यामुळे सगळ्यांचा परिणाम एकमेकांना खोडतो. जोरदार विद्युतक्षेत्र लावून आतली ध्रुवीयता एका दिशेला वळवली, म्हणजे पोलिंग केलं, तरच ते सिरॅमिक पीझोइलेक्ट्रिक होतं.

एक न्यूटन बल लावल्यावर किती पिकोकुलंब भार मिळतो, तो आकडा म्हणजे डी-३३. शोधनिबंधांत सगळी शर्यत याच आकड्याची असते. मऊ प्रकारच्या पीझेडटी-५एचमध्ये तो ५९० च्या आसपास, पीझेडटी-४ मध्ये २९० च्या आसपास. पण डी-३३ एकटा पाहून निवड केली की फसगत होते.

दुसरा आकडा जी-३३: दाबामुळे किती व्होल्टेज मिळतं ते हा सांगतो. डी-३३ ला पदार्थाच्या परावैद्युतांकाने, म्हणजे विद्युतक्षेत्रात भार साठवण्याच्या क्षमतेच्या मापाने, भागून तो निघतो. त्यामुळे डी-३३ कमी असूनही परावैद्युतांक त्याहून जास्त पटीने कमी असेल, तर सेन्सरसाठी तोच पदार्थ सरस ठरतो. तिसरं क्युरी तापमान, ज्याच्या वर पीझोइलेक्ट्रिकपणा नाहीसा होतो. सुरक्षित वापराची मर्यादा त्याच्या बरीच खाली, ढोबळमानाने निम्म्यावर धरावी. चौथा आकडा यांत्रिक क्यू: तो जितका जास्त, तितकी कंपनातली ऊर्जा उष्णतेत कमी वाया जाते. तो कमी असेल तर अनुनादावर सतत चालणारी चकती स्वतःच तापते, म्हणून क्लीनर किंवा वेल्डिंगच्या ट्रान्सड्यूसरसाठी तो जास्तच लागतो.

कुळं आणि त्यांचे स्वभाव

बेरियम टायटनेट हे पीझेडटीच्याही आधीचं. १९४० च्या दशकात अमेरिका, सोव्हिएत संघ आणि जपान अशा तिन्ही ठिकाणी ते स्वतंत्रपणे पुढे आलं, ग्रामोफोनच्या पिकअपमध्ये आणि सोनारमध्ये वापरलं गेलं. म्हणजे पहिलं पीझो सिरॅमिक शिसेमुक्तच होतं. डी-३३ सुमारे १९०, क्युरी तापमान १२० ते १३० अंश सेल्सिअस. १९५० च्या दशकात पीझेडटी आलं आणि त्याने हे मैदान मारलं, ते मुख्यतः तापमानाच्या जोरावर.

याच बेरियम टायटनेटमध्ये थोडं कॅल्शियम आणि थोडं झिर्कोनियम घातलं की बीसीझेडटी तयार होतं. २००९ मध्ये लिऊ आणि रेन यांनी त्यात ६२० पिकोकुलंब प्रति न्यूटन एवढा डी-३३ दाखवला आणि या क्षेत्रात खळबळ उडाली. अडचण एकच, पण मोठी: क्युरी तापमान ९३ अंशांच्या आसपास. शिवाय हा मोठा आकडा खोलीच्या तापमानाजवळ होणाऱ्या स्फटिकरचनेच्या बदलामुळे मिळतो. तापमान थोडं सरकलं की आकडाही घसरतो. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत काय तापमान असतं ते आठवा, म्हणजे हे सिरॅमिक गाडीत का बसवायचं नाही ते कळेल. वातानुकूलित प्रयोगशाळेतल्या सूक्ष्म हालचालींच्या यंत्रणेत मात्र ते उत्तम चालतं.

पोटॅशियम सोडियम नायोबेट, म्हणजे केएनएन, हे सध्या सर्वांत जास्त अपेक्षा असलेलं कुळ. क्युरी तापमान ४२० अंश. साध्या भट्टीत भाजलेल्या शुद्ध केएनएनचा डी-३३ फक्त ८० च्या आसपास, पण परावैद्युतांक ३०० च्या खाली असल्यामुळे जी-३३ पीझेडटी-४ च्या पुढे जातो. २००४ मध्ये टोयोटा आणि डेन्सो यांच्या संशोधकांनी लिथियम, टँटलम, अँटिमनी घालून आणि कणांना एकाच दिशेत वाढवून ४१६ पर्यंत मजल मारली. तिथून या विषयाला खरा वेग आला. केएनएनची घनता ४.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, तर पीझेडटीची साडेसातच्या पुढे. हलकेपणामुळे त्याचा ध्वनिरोध शरीराच्या ऊतींच्या जरा जवळ येतो, म्हणून सोनोग्राफीच्या प्रोबसाठी त्यावर काम चालू आहे.

बिस्मथ सोडियम टायटनेट, बीएनटी, १९६० मध्ये स्मोलेन्स्कीच्या गटाने सोव्हिएत संघात शोधलं. शुद्ध बीएनटी पोल करणं जिकिरीचं, कारण ध्रुवीयता उलटवायला मिलिमीटरमागे ७ किलोव्होल्टच्या पुढे जावं लागतं. त्यात ६ टक्के बेरियम टायटनेट मिसळलं की डी-३३ सुमारे १२५ होतो आणि पोलिंग आवाक्यात येतं, पण साधारण १०० अंशांवर पोलिंग उतरू लागतं. याचा कणखरपणा मात्र वाखाणण्याजोगा आहे. मोठ्या कंपनांत त्याचा क्यू फारसा ढासळत नाही, त्यामुळे उच्च शक्तीच्या अल्ट्रासॉनिक कामाला तो शोभतो.

शेवटचं, बिस्मथ टायटनेटसारखं थरांच्या रचनेचं कुळ. डी-३३ जेमतेम २० च्या घरात, पण क्युरी तापमान ६७५ अंश. टर्बाइनजवळ बसणाऱ्या कंपनमापकांत साधं पीझेडटी टिकत नाही, तिथे हेच लागतं.

पहिली चकती: बीसीझेडटी का

पहिला प्रयोग केएनएनचा करू नका, असा माझा आग्रह आहे. पोटॅशियम कार्बोनेट हवेतला ओलावा शोषतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात तर तराजूवर ठेवल्या ठेवल्या त्याचं वजन वाढताना दिसतं. त्यात ५ टक्के पाणी असेल, तर तुमच्या मिश्रणात पोटॅशियम ५ टक्के कमी पडलं. मग चकती ओल धरते आणि काही आठवड्यांत भुगा होते. शिवाय केएनएन सुमारे १११० अंशांवर भाजावं लागतं आणि ११४० च्या आसपास वितळू लागतं, म्हणजे भट्टीची चूक पचवायला जागाच नाही. बीसीझेडटीला तापमान जास्त लागतं, पण बाकी सगळं ते सोसून घेतं.

सूत्रात बेरियम ०.८५, कॅल्शियम ०.१५, झिर्कोनियम ०.१०, टायटॅनियम ०.९०. दहावा भाग मोल, म्हणजे सुमारे २२.३ ग्रॅम तयार भुकटीसाठी लागणारं साहित्य:

बेरियम कार्बोनेट १६.७७४ ग्रॅम
कॅल्शियम कार्बोनेट १.५०१ ग्रॅम
झिर्कोनियम ऑक्साइड १.२३२ ग्रॅम
टायटॅनियम ऑक्साइड ७.१८८ ग्रॅम

शुद्धता ९९ टक्क्यांच्या वर हवी. बाटलीवर शुद्धता ९९.५ लिहिली असेल तर तेवढा हिशेब वजनात करा. सगळ्या भुकट्या आधी २०० अंशांवर रात्रभर वाळवून डेसिकेटरमध्ये थंड करा.

इथे सावधगिरीचा शब्द. शिसेमुक्त म्हणजे निर्विष नव्हे. बेरियम कार्बोनेट पूर्वी उंदीर मारायला वापरत. पाण्यात ते फारसं विरघळत नाही, पण पोटातल्या आम्लात विरघळतं. मास्क, हातमोजे हवेतच, आणि वजन करायच्या टेबलावर चहाचा कप नको.

दळणं आणि पहिली भाजणी

मिश्रण प्लास्टिकच्या बरणीत झिर्कोनियाच्या गोळ्यांसह घ्या, बुडेल इतकं आयसोप्रोपिल अल्कोहोल ओता आणि १२ ते २४ तास फिरवा. पाणी वापरू नका, बेरियम कार्बोनेट त्यात थोडं का होईना विरघळतं आणि वाळताना वेगळं पडतं. बॉल मिल नसेल तर खलबत्त्यात अल्कोहोल घालून दोन-तीन तास घोटूनही काम होतं, मात्र चकत्यांच्या गुणांत सारखेपणा कमी येतो.

वाळलेली भुकटी अ‍ॅल्युमिनाच्या क्रुसिबलमध्ये १२०० ते १२५० अंशांवर ४ तास भाजा. रिकामं आणि भरलेलं क्रुसिबल आधी तोलून ठेवा. कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर वजन बरोबर १६.५ टक्क्यांनी घटलं पाहिजे. घट १५ टक्क्यांवर थांबली असेल तर भाजणी अपुरी आहे. पुन्हा दळून पुन्हा भाजा. एक्स-रे विवर्तनाचं यंत्र विद्यापीठात असलं तरी नंबर लागायला आठवडा जातो. ही तपासणी तराजूवर दोन मिनिटांत होते. विवर्तन पुढे करायचंच आहे, कारण नको असलेली दुसरी संयुगं तराजू दाखवत नाही.

दाबणं आणि पक्की भाजणी

भाजलेली भुकटी पुन्हा ८ ते १२ तास दळा. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं ५ टक्क्यांचं द्रावण घालून खलात घोटा, इतकं की भुकटीच्या वजनाच्या २ टक्के कोरडा बाइंडर, म्हणजे कण धरून ठेवणारा हा चिकट पदार्थ, त्यात जाईल. मग चाळणीतून काढा. १२ मिलिमीटरच्या साच्यात अर्धा ग्रॅम भुकटी घेऊन १५० मेगापास्कल दाब द्या. हाताच्या हायड्रॉलिक प्रेसवर तो काटा साधारण १.७ टनांवर येतो. जास्त दाब दिला की चांगली चकती होते असं वाटतं, पण दाब सोडताना चकतीला आडवे थर सुटतात. हे थर डोळ्यांना दिसत नाहीत आणि पोलिंगच्या वेळी तिथेच ठिणगी पडते.

बाइंडर जाळताना घाई नको: मिनिटाला १ ते २ अंश चढ, ५५० ते ६०० अंशांवर २ तास थांबा. त्यानंतर मिनिटाला ५ अंशांनी १४५० ते १५०० पर्यंत नेऊन २ ते ४ तास ठेवा. या तापमानाला मोलिब्डेनम डायसिलिसाइडच्या कांड्यांची भट्टी लागते. सिलिकॉन कार्बाइडच्या कांड्यांना १४५० वर रोज नेलं तर त्या फार काळ टिकत नाहीत. अ‍ॅल्युमिनावर चकती थेट ठेवू नका, ती चिकटते आणि खालचा थर बिघडतो. खाली झिर्कोनियाची ताटली आणि त्यावर त्याच मिश्रणाच्या भुकटीचा पातळ थर द्या.

वाचवायचं म्हणून १३५० वर थांबण्याचा मोह होतो. घनता कधीकधी जमते, पण कण बारीक राहतात. या सिरॅमिकमध्ये कण १० मायक्रॉनच्या पुढे वाढले तरच डी-३३ फुलतो.

भाजून आलेली चकती १० मिलिमीटरच्या जवळ आली पाहिजे, म्हणजे सुमारे १५ टक्के आकुंचन. घनता आर्किमिडीजच्या पद्धतीने काढा: कोरडं वजन घ्या, चकती पाण्यात उकळून छिद्रं भरा, मग पाण्यात टांगून आणि ओली असताना बाहेर अशी दोन वजनं घ्या. कोरड्या वजनाला त्या दोन वजनांच्या फरकाने भागून पाण्याच्या घनतेने गुणा. सैद्धांतिक घनता ५.७५ च्या आसपास आहे, आपल्याला ५.४५ च्या वर हवी. त्याखालच्या चकत्या पोलिंगला लावू नका. उच्च व्होल्टेजखाली त्या फुटतात आणि तेलात काजळी सोडतात.

चांदी आणि पोलिंग

दोन्ही बाजू सिलिकॉन कार्बाइडच्या कागदावर घासून समांतर करा, चांदीची पेस्ट लावा आणि पेस्टला सांगितलेल्या तापमानाला, साधारण ६०० अंशांवर, १५ मिनिटं भाजा. पेस्ट विकत घेताना डेटाशीट वाचा. भाजायच्या काही पेस्टमध्ये शिशाची काच असते, आणि मग सगळा खटाटोप करून शिसं चांदीसोबत परत येतं. कडेवर चांदी ओघळली असेल तर ती घासून काढा.

पोलिंग सिलिकॉन तेलात करायचं. १ मिलिमीटर जाडीच्या चकतीला ३ किलोव्होल्ट, तेल सुमारे ५० ते ६० अंशांवर, अर्धा तास. नंतर व्होल्टेज चालू ठेवूनच तेल खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आधी व्होल्टेज काढलं तर गरम चकतीतली वळलेली ध्रुवीयता बरीचशी परत फिरते.

३ किलोव्होल्ट जीव घेऊ शकतात. पुरवठ्याला १ मिलिअँपिअरच्या आत प्रवाहमर्यादा, झाकण उघडताच वीज तोडणारा स्विच, आणि बंद केल्यावर भार काढून टाकणारा रेझिस्टर, या तिन्हीखेरीज हे काम सुरूच करू नका. आणि खोलीत एकटे असताना तर मुळीच नाही.

मोजमाप

पोलिंगनंतर दोन्ही बाजू तारेने जोडून २४ तास ठेवा. पोलिंगचा परिणाम काळाच्या लॉगरिदमप्रमाणे ओसरतो, म्हणजे पहिल्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत जेवढा घसरतो तेवढाच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत. त्यामुळे नोंदीत डी-३३ सोबत 'पोलिंगनंतर किती तासांनी' हे लिहिलं नाही तर दोन चकत्यांची तुलना करता येत नाही.

डी-३३ मीटर असेल तर काम सोपं. नसेल तर चकतीला समांतर १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडा, वर अर्ध्या किलोचं वजन ठेवा, थोडं थांबा आणि वजन झटकन उचला. ठेवताना धक्का बसतो, उचलताना बसत नाही. डी-३३ ४०० असेल तर ४.९ न्यूटनला सुमारे १९६० पिकोकुलंब भार मिळेल. चकतीची स्वतःची धारिता २ नॅनोफॅरडच्या जवळपास असते, तेव्हा ऑसिलोस्कोपवर साधारण ०.१६ व्होल्टची उडी दिसेल. प्रोब १० मेगाओहमचा घ्या, नाहीतर भार मोजायच्या आत निसटतो. चकतीला बोट लावू नका, बोटाच्या उबेनेही तिच्यावर भार येतो.

पहिल्या घाण्यात ३०० आला तरी तो चांगला आहे. ४०० च्या वर सातत्य आलं की तुमची भट्टी आणि भुकटी तुमच्या ताब्यात आली.

इम्पीडन्स अ‍ॅनालायझर मिळाला तर अनुनाद आणि प्रति-अनुनाद या दोन वारंवारता शोधा. १० मिलिमीटरच्या चकतीत पहिली ३०० किलोहर्ट्झच्या आसपास सापडेल. पहिल्या वारंवारतेला दोहोंमधल्या फरकाने भागा, ०.३९५ ने गुणा, त्यात ०.५७४ मिळवा. आलेल्या संख्येचा व्यस्त घेऊन वर्गमूळ काढलं की युग्मनांक मिळतो, म्हणजे विद्युत आणि यांत्रिक ऊर्जेचं एकमेकांत रूपांतर किती चांगलं होतं त्याचं माप. उदाहरणार्थ ३०० आणि ३४० किलोहर्ट्झ असतील तर तो ०.५३ येतो, आणि बीसीझेडटीला हे शोभेसं आहे.

उपकरणात बसवताना

सगळ्यात जास्त चकत्या इथे वाया जातात. शिसेमुक्त सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं, आणि बीसीझेडटीचं क्युरी तापमान ९३. पोल केलेल्या चकतीला सोल्डरिंग आयर्न लावलं की त्या जागेखालचा पीझोइलेक्ट्रिकपणा संपला. म्हणून तारा आधी सोल्डर करा आणि पोलिंग नंतर, किंवा खोलीच्या तापमानाला घट्ट होणारं चांदीचं इपॉक्सी वापरा. केएनएनला ही अडचण कमी जाणवते.

वापराचं बोलायचं तर बीसीझेडटीची चकती पितळी पत्र्यावर चिकटवून बझर किंवा संपर्क-मायक्रोफोन छान होतो. ऊर्जा-संकलनाच्या प्रयोगात मात्र तिचा मोठा डी-३३ भुलवतो. तिचा जी-३३ साधारण १५ मिलिव्होल्ट-मीटर प्रति न्यूटन, तर साध्या केएनएनचा ३० च्या पुढे. लायटरची ठिणगी, ठोका ओळखणारे सेन्सर, पावलांच्या दाबावर चालणाऱ्या फरश्या यांसाठी केएनएनकडेच वळावं लागेल. अल्ट्रासॉनिक क्लीनरसाठी बीएनटी, भट्ट्यांच्या आणि टर्बाइनच्या परिसरात बिस्मथ टायटनेट.

पर्यावरणाचा हिशेबही नीट मांडायला हवा. नायोबियमचं बहुतांश उत्पादन ब्राझीलमध्ये होतं, आणि २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी केलेल्या जीवनचक्राच्या अभ्यासात खाणीपासून मोजलं तर केएनएनचा काही बाबतींतला भार पीझेडटीपेक्षा जास्त निघाला. बिस्मथ तर मोठ्या प्रमाणात शिशाच्या शुद्धीकरणातच जोडउत्पादन म्हणून मिळतं. बेरियम टायटनेटचं कुळ या दोन्ही प्रश्नांपासून बरंच मोकळं आहे, म्हणून कमी तापमानाच्या कामांत त्याला पहिली पसंती द्यावी असं मला ठामपणे वाटतं.

डिझेल इंजिनचे इंजेक्टर, पाणबुडीचे सोनार, थंडीपासून १५० अंशांपर्यंत एकसारखी हालचाल देणारे बहुथरी अ‍ॅक्च्युएटर, इथे पीझेडटी अजून हटलेलं नाही. युरोपची सवलत अशाच कामांसाठी आहे आणि तिची ठरावीक काळाने फेरतपासणी होते. पण संगीताची ग्रीटिंग कार्डं, खेळणी, बझर आणि लायटर या वस्तू लाखोंनी बनतात आणि थेट कचऱ्यात जातात. त्यांना १५० अंश सोसायची गरज नाही. तिथे बदल आजच्या ज्ञानावर करता येतो, आणि त्यासाठी लागणारी चकती वर सांगितलेल्या भट्टीत आणि प्रेसवर तयार होते.